‘आधी माझी कॉमेडी कर, मग तुझा सिनेमा करू’

ताई, सप्रेम नमस्कार.

मी चौतीस वर्षांचा, कोथरूडला राहतो. चार वर्षांपूर्वी मित्र, मामा आणि शाळासोबत्यांकडून ६० लाख गोळा करून पहिला सिनेमा केला. दोन-तीन महोत्सवांत दाखवला गेला, चांगलं छापून आलं. थिएटरमध्ये मात्र सकाळचे शो मिळाले आणि सोमवारपर्यंत त्यातले बहुतेक उतरले. प्रेक्षकांनी साथ दिली नाही. तेव्हापासून कंपन्यांच्या फिल्म्स आणि सीझनमध्ये लग्नं शूट करतो. खरं तर घर बायकोच चालवते. ती हिंजवडीला आयटीत आहे, फ्लॅटचा हप्ता तिच्याच पगारातून जातो. ती काही बोलत नाही.

आता एक बांधकाम व्यावसायिक निर्मितीत उतरतायत. चार मित्र बँकॉकला जातात, अशी कॉमेडी. मानधन आठ लाख. स्क्रिप्ट अजून नाही, रिलीजची तारीख मात्र ठरली आहे. ते म्हणाले, ‘आधी माझी कॉमेडी कर, मग तुझा सिनेमा करू.’ माझा सिनेमा म्हणजे सदाशिव पेठेतल्या एका चाळीस घरांच्या जुन्या सोसायटीतल्या आजींची गोष्ट. पुनर्विकासाच्या कागदावर त्या सही करत नाहीत आणि सगळा प्रकल्प अडतो. पानभर टिपण सोबत जोडलं आहे. बजेट ९० लाख. बाबा पोस्टातून निवृत्त झालेत. ते म्हणतात, खेड शिवापूरजवळचा प्लॉट विकू, पण तू तुझाच सिनेमा कर.

मासेससाठी काहीतरी थिल्लर करून मी स्वतःला विकतोय का? की एकदाचं होऊन जाऊ दे म्हणून प्लॉटचे पैसे घेऊ?

— एक दिग्दर्शक, कोथरूड

*

प्लॉट विकायचा नाही. हे आधी सांगते, कारण बाकीच्या गोष्टींवर विचार करायला वेळ आहे. जमिनीच्या व्यवहारात एकदा इसार घेतला की मागे फिरणं अवघड.

बाबा आपणहून असं म्हणाले, त्यामागची माया मला कळते. पोस्टातल्या पगारातून पै-पै साठवून प्लॉट घेणं म्हणजे काय, हे आमच्या पिढीला समजावून सांगावं लागत नाही. पण तो त्यांच्या म्हातारपणाचा, दुखण्याखुपण्याचा पैसा आहे. सिनेमा पडला तर ते तुला चकार शब्द बोलणार नाहीत, आणि त्यांचं ते न बोलणंच तुला पुढे काही करू देणार नाही. शिवाय घरचा पैसा लागला की सेटवर माणूस बिचकतो. टेक पुन्हा घ्यायला हवा हे दिसत असतं, तरी ‘चालेल, पुढचा लावा’ म्हणतो. माझं आयुष्य एडिटिंग टेबलवर गेलं. कुठला शॉट मनासारखा झाला म्हणून ओके केलाय आणि कुठला धास्तीनं, हे रशेस, म्हणजे न कापलेलं कच्चं चित्रण, बघताना लपत नाही.

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा अर्धीच सांगतात. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले, १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. त्याच्या आधीचा भाग तुझ्या जास्त कामाचा आहे. विलायतेहून आल्यावर फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत, अंकुर फुटून वेल वाढते अशी चिमुकली फिल्म तयार केली. पैसे घालणाऱ्याला ती दाखवली, हलतं चित्र आपल्याला जमतं हे पटवलं, आणि मग भांडवल उभं राहिलं. दागिने गेले ते या खटाटोपात. आणि सरस्वतीबाई दागिने काढून देऊन बाजूला बसल्या नव्हत्या. सगळ्या युनिटचा स्वयंपाक त्या करत, कच्च्या फिल्मला भोकं पाडायचं कामही करत. म्हणजे हातात दाखवण्याजोगं काही होतं, आणि घरातलं माणूस पुरतं सामील होतं. या दोन्ही गोष्टी तुझ्या पत्रात मला दिसल्या नाहीत.

तेव्हा प्लॉटऐवजी एक प्रसंग शूट कर. आजींच्या स्वयंपाकघरातला, सात-आठ मिनिटांचा. सेक्रेटरी कागद घेऊन आलाय आणि आजी त्याला चहा विचारतायत, असा प्रसंग टिपणात आहे, तोच घे. कॅमेरा आणि लाइट तुझ्याकडे आहेत, कंपन्यांच्या फिल्म्स ज्यांच्याबरोबर करतोस ती माणसंही आहेत. एका शनिवार-रविवारचं काम. चांगल्या नटीला घे, तिला मानधन दे, भले थोडं असो. पुण्यात एकांकिका आणि प्रायोगिक नाटकांतून तयार झालेल्या साठी-सत्तरीतल्या अभिनेत्री आहेत, ज्यांना कॅमेऱ्यानं अजून नीट पाहिलेलंच नाही. पुढे कुठल्याही निर्मात्याकडे जाशील तेव्हा तासभर नॅरेशन देण्याऐवजी हे दाखव.

आता पहिल्या सिनेमाकडे. ‘प्रेक्षकांनी साथ दिली नाही,’ असं लिहिलंयस, ते मला खटकलं. एकदा हिशेब मांडू. तिकीट १५० रुपयांचं धर. शंभरच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी, तो वजा जाता उरतात १२७. मल्टिप्लेक्सच्या रूढ व्यवहारात पहिल्या आठवड्यात त्यातले ५० टक्के निर्माता-वितरकाच्या बाजूला येतात, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे तीस. म्हणजे सगळी तिकिटं पहिल्याच आठवड्यात खपली तरी माणशी हाती पडतात ६३-६४ रुपये. तुझे ६० लाख परत यायला जवळपास ९५ हजार माणसं हवीत. बालगंधर्व रंगमंदिर शंभरएक वेळा हाऊसफुल्ल व्हावं एवढी. यात वितरकाचं कमिशन, डिजिटल प्रोजेक्शनचे पैसे, ट्रेलर आणि पोस्टर काहीच धरलेलं नाही. नव्या दिग्दर्शकाचा, ओळखीचा चेहरा नसलेला सिनेमा, सकाळचे शो आणि जेमतेम जाहिरात. एवढी माणसं येणार कुठून? त्यांनी तुला नाकारलं नाही. बहुतेकांना सिनेमा लागलाय हेच कळलं नाही.

२०१५ मध्ये सरकारनं मल्टिप्लेक्सना दुपारी १२ ते रात्री ९ या वेळात मराठी सिनेमाला शो द्यायला सांगितलं, ते चांगलंच झालं. पण शो लागणं वेगळं आणि तीन दिवस रिकाम्या खुर्च्या असताना तो टिकणं वेगळं. टीव्हीचे हक्क विकून खर्च निघेल हाही भरवसा आता उरलेला नाही. चॅनल आणि ओटीटीवाले थिएटरमध्ये काय झालं ते बघून भाव करतात. राज्य सरकारचं अनुदान आहे, त्यासाठी जरूर अर्ज कर. मात्र ते सिनेमा पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन मिळतं. आजच्या बजेटात ते धरून चालू नकोस.

आणि या अनुभवानंतर तू दुसरा सिनेमा ९० लाखांचा मांडतोयस, म्हणजे पहिल्याच्या दीडपट! एका इमारतीत घडणारी गोष्ट. ९० लाख का लागतात?

किती पैशात करायचं हे ठरवणं दिग्दर्शनाचाच भाग आहे, आणि माझ्या मते अगदी पहिला. लोकेशन, नट, लेन्स नंतर येतात. कला आणि धंदा यांची ओढाताण दिग्दर्शकाच्या मनात चालते असं आपण समजतो. मी ती बघितली ती व्याजाच्या आकड्यात. ‘शेवटी एक आयटम साँग टाका’ म्हणणारे जे निर्माते मला भेटले, त्यातले बरेचसे मुहूर्ताच्या दिवशी सज्जन होते, गोष्टीवर प्रेम करणारे होते. पण पैसा महिना दोन टक्क्यांनी उचललेला असायचा. शेड्यूल लांबलं, नटाच्या तारखा गेल्या, डबिंग रखडलं, व्याज चढत गेलं. माणूस घाबरतो आणि एडिटिंग रूममध्ये येऊन बसतो. मग त्याला प्रत्येक शांत शॉट लांब वाटायला लागतो. म्हणून निर्मात्याला भेटशील तेव्हा त्याची आवड विचारण्याआधी त्याचा पैसा कुठून येतोय, ते विचार. आणि गोष्टीला जेवढा लागतो तेवढाच घे. जितका कमी पैसा अडकलेला, तितकी तुझ्या कापण्या-ठेवण्यात लुडबुड कमी.

मोठे आकडे पचवायला पाठीशी काहीतरी लागतं. ‘प्रभात’चं उदाहरण आपल्या गावातलंच आहे. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. आज एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था उभी आहे ती त्यांच्याच स्टुडिओच्या जागेवर. पुण्यात आल्याच वर्षी त्यांनी ‘सैरंध्री’ रंगीत करायचा घाट घातला, प्रोसेसिंग जर्मनीत करून घेतलं, रंग मनासारखे उतरले नाहीत आणि पैसे गेले. कंपनी बुडाली नाही, कारण स्वतःचा स्टुडिओ होता, पगारी माणसं होती आणि मागोमाग दुसरे बोलपट तयार होत होते. तुझ्यामागे असं काही नाही, म्हणून तुझी चूक परवडणारी असली पाहिजे.

त्याच ‘प्रभात’चा १९३६चा ‘संत तुकाराम’ मुंबईत वर्षभराहून जास्त चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवातही त्याची दखल घेतली गेली. तो पुन्हा बघ, पण भक्तिभाव बाजूला ठेवून दिग्दर्शकाच्या नजरेनं. चमत्कार आहेत, अभंग आहेत, शेवटी गरुडावरून वैकुंठाला जाणंही आहे. त्या काळच्या प्रेक्षकाला हवं ते सगळं दिलंय. आणि त्याच सिनेमात तुकारामांची बायको जिजाई आहे. पोराबाळांना खायला काय घालायचं या चिंतेनं कावलेली, देवावर चप्पल उगारणारी. तिचं घर, तिची म्हैस, तिचं करवादणं इतकं खरं आहे की चमत्कारही त्या घरात घडल्यासारखे वाटतात. दामले-फत्तेलाल या दिग्दर्शकांनी एक प्रसंग गर्दीसाठी आणि एक जाणकारांसाठी असं वाटून घेतलेलं नाही. समोर बसलेल्या माणसाला दोन्ही कळतं, हे त्यांनी गृहीत धरलं.

तू मात्र ‘मासेससाठी काहीतरी थिल्लर’ असं लिहितोस. स्क्रिप्ट लिहून व्हायच्या आधीच थिल्लर! कॉमेडी करणं म्हणजे स्वतःला विकणं, हे मला साफ नामंजूर आहे. प्रेक्षकाला हसवणं फार कठीण आहे, आणि टायमिंग शिकायला त्याहून चांगली शाळा नाही. पण ज्या कामाचा आधीच तिटकारा आहे ते करू नकोस. तो पडद्यावर दिसतो, आणि ज्यांना तू मासेस म्हणतोस त्यांना तर तो सगळ्यांत आधी कळतो.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: ही ऑफर आज आहे तशी घेऊ नकोस. कॉमेडी आहे म्हणून नव्हे. स्क्रिप्ट नसताना तारीख ठरली आहे म्हणून. त्यांच्याकडे जाऊन सांग, मला चांगला विनोदी लेखक द्या, दोन-अडीच महिने द्या, स्क्रिप्ट वाचून आपण दोघं ठरवू. तयार झाले तर मन लावून काम कर. ‘तारीख हलणार नाही’ म्हणाले तर नमस्कार करून निघ.

‘मग तुझा सिनेमा करू’ या वाक्याची किंमत मात्र आज शून्य धर. त्यांनी तुझं टिपण वाचलंय का? बांधकाम व्यावसायिकानं, बिल्डरच्या कागदावर सही न करणाऱ्या आजींचा सिनेमा करायचा आहे! कदाचित ते खरंच करतील, माणसं आश्चर्याचा धक्का देतात. पण मग करारात लिहून घे: कुठला सिनेमा, कमाल किती बजेट, किती महिन्यांत सुरू, आणि नाही केला तर स्क्रिप्टवर त्यांचा काही हक्क नाही. त्यांचा सगळा व्यवसाय नोंदणीकृत करारांवर चालतो, कागद मागितल्याचा त्यांना राग यायचं कारण नाही.

कागदाचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडं. टिपण कुणालाही दाखवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे कथा नोंदव. ऑनलाइन होतं. आपल्या कायद्यात सिनेमाचा मालक निर्माता असतो, दिग्दर्शक नसतो, हे पुष्कळांना पहिला सिनेमा हातून गेल्यावर कळतं. लेखकाला मात्र २०१२च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीचा हक्क आहे, तेव्हा पटकथा-संवाद लिहिलेस तर लेखनाचा करार वेगळा कर. मानधनाचे हप्ते कामाच्या टप्प्यांना बांध आणि शेवटचा हप्ता डबिंगच्या आधी हातात पडू दे. ‘रिलीजनंतर देतो’ म्हणून राहिलेला पैसा मी फार कमी जणांना मिळालेला पाहिलाय. पहिला कट तुझा असेल, त्यानंतरचे बदल लेखी सुचवले जातील, एवढं तरी लिहून घे.

लग्नं आणि कंपन्यांच्या फिल्म्स यांच्याबद्दल तू जवळजवळ माफी मागितल्यासारखं लिहिलंयस. ते सोड. सुमित्रा भावे मूळच्या समाजकार्यातल्या. १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट केला, मग सुनील सुकथनकरांबरोबर कितीतरी वर्षं सामाजिक विषयांवरचे लघुपट करत राहिल्या. ‘दोघी’ आला १९९५ मध्ये, आणि ‘कासव’ला २०१६ सालचं सुवर्णकमळ, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, मिळालं. हे सगळं पुण्यात बसून. श्याम बेनेगलांनी १९७४च्या ‘अंकुर’आधी ढिगानं जाहिरातपट केले. अशा कामात कमी वेळात माणसाकडून हवं ते काढून घ्यायला शिकता येतं. लग्नात तर तू रोज घरं बघतोस. कोण कुणाशी बोलत नाही, मानपान कुणाचा राहिला, आजीला कुठल्या कोपऱ्यात बसवलंय. तुझ्या सिनेमाचा मसाला तिथे आहे. फक्त वर्षातले काही महिने या कामांना ठरवून बंद ठेव, नाहीतर स्क्रिप्ट कायमची ड्रॉवरमध्ये राहील.

आणि बायको. ‘ती काही बोलत नाही,’ या चार शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले. चार वर्षं हप्ता भरणाऱ्या माणसाला बोलायचं नसतं असं होत नाही. तिला कुणी विचारलेलं नसतं. एखाद्या रविवारी कागद-पेन घेऊन बसा. घरखर्चात तू दरमहा किती देशील, हे आकड्यात सांग. सिनेमासाठी किती काळ हवा, ते महिन्यांत सांग. तेवढ्यात झालं नाही तर काय, हेही तिच्यासमोर बोल. तिला हे परवडत नसेल तर तसं म्हणायची मोकळीक दे, आणि म्हणाली तर रुसून बसू नकोस. फाळक्यांच्या घरातलं सामील होणं म्हणतेय ते हेच. नुसतं सोसणं म्हणजे सामील होणं नव्हे.

आता तुझं टिपण. आजी मला फार आवडल्या. दुपारी जिन्यात बसून शेंगा सोलणाऱ्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन दाणे देणाऱ्या. पण गोष्टीत एक मोठी अडचण आहे, आणि ती पुण्यातल्या प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांत दिसेल, कारण इथे दर दुसऱ्या घरात पुनर्विकासाची मीटिंग होऊन गेली आहे. २०१९च्या शासन निर्णयानंतर ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. तुझी सोसायटी चाळीस घरांची. एका आजींनी सही केली नाही म्हणून प्रकल्प अडणार नाही, गोष्ट तिथेच कोसळेल.

सोसायटी सात घरांची कर. तिघांचा होकार, तिघांचा नकार, सातव्या आजी. चार सह्या झाल्या की प्रकल्प पुढे जातो, म्हणजे सगळा भार खरोखर त्यांच्यावर येतो. चाळीस घरांच्या सर्वसाधारण सभेसाठी जी गर्दी, मांडव आणि जेवणाचा खर्च मांडलायस तो गळून पडेल. सभा कुणाच्या तरी हॉलमध्ये होईल, सात खुर्च्यांत. ९० लाखांतले बरेच इथेच वाचतील, आणि माणसं एकमेकांच्या तोंडावर बोलायला लागतील.

सेक्रेटरीला खलनायक करू नकोस. त्याच्या घरी कुणीतरी असं असू दे ज्याला तीन जिने चढवत नाहीत. लिफ्ट त्याला खरोखर हवी आहे. आजींना त्याचं म्हणणं पटतं आणि तरी त्या सही करत नाहीत, असं लिहिता आलं तर होकारवाले आणि नकारवाले दोघंही तुझा सिनेमा बघायला येतील. त्या सही का करत नाहीत, हे टिपणात कुठेच नाही. तू ‘आठवणी’ म्हणून सोडून दिलंयस. त्यांना विचार, आणि स्वयंपाकघरातला तो प्रसंग शूट करण्याआधी ते लिहून काढ. नवीन मसुदा झाला की पाठव, मी वाचीन.